कारंज्याची ग्रंथभांडारे : कुलपापासून वाचकापर्यंत



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी वाचनालयाचा इतिहास लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाने मला केली. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या, म्हणजे १९७४-७५ च्या, भारलेल्या वातावरणात आपला ट्रस्ट उभा राहिला आणि मंदिराच्या ओसरीवरील दोन कपाटांनी वाचनालयाचा श्रीगणेशा झाला. त्यानंतरची देणगीदारांची नावे, पुस्तकांची संख्या आणि जमाखर्च वार्षिक अहवालांत नमूद आहेच. त्याची पुनरावृत्ती करण्यापेक्षा, आपल्या फलकावर लिहिलेल्या ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ आपल्याच वऱ्हाडातील एका गावाने कसा शोधला, तो इतिहास सांगावा असे मला वाटले. ते गाव म्हणजे कारंजा (लाड). मी इतिहासाचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि धंद्याने कापड व्यापारी आहे. परंतु आपल्या पोथ्यांच्या कपाटाची किल्ली काही वर्षे माझ्याकडे होती आणि त्या काळात माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक मला कारंज्याचा इतिहास वाचल्यावर कळली. म्हणून हा लेखनप्रपंच.

कापसाचे गाव, तीन गाद्या

कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ साली वाशीम जिल्हा स्वतंत्र होण्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात होते. कापसाची बाजारपेठ म्हणून त्याचा लौकिक जुना आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ ही नॅरोगेज आगगाडी याच गावावरून जात असे, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. दत्त संप्रदायात श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंज्याला मोठे स्थान आहे. जैन समाजाच्या दृष्टीने या गावाचे वैशिष्ट्य असे, की दिगंबर परंपरेतील सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही शाखांची मंदिरे या एका गावात आहेत आणि भट्टारकांच्या गाद्याही येथे नांदल्या. सतराव्या शतकात तीर्थयात्रा करीत आलेल्या शीलविजय या श्वेतांबर साधूंनी आपल्या ‘तीर्थमाले’त कारंज्याच्या बघेरवाल श्रावकांचे आणि भोज संघवी या धनिकाच्या औदार्याचे वर्णन केले आहे. एका पंथाच्या साधूने दुसऱ्या पंथाच्या श्रावकांची मुक्तकंठाने प्रशंसा करावी, ही गोष्ट आजही मनन करण्याजोगी आहे.

जेथे भट्टारकांची गादी तेथे पोथ्यांचा संग्रह, हे समीकरण ठरलेले असे. भट्टारक आणि त्यांचे शिष्य चातुर्मासात एका ठिकाणी राहून ग्रंथांच्या नकला करीत व करवून घेत. गुजरात, राजस्थान, कर्नाटक अशा दूरच्या प्रांतांतून पोथ्या येत आणि जात. अशा रीतीने दोन-तीनशे वर्षांत कारंज्याच्या मंदिरांत संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, गुजराती, हिंदी आणि मराठी पोथ्यांचे मोठे भांडार साचले.

दानातून उभे राहिलेले ग्रंथालय

आजचे सार्वजनिक ग्रंथालय वर्गणी, शासकीय अनुदान आणि देणग्या यांवर चालते. आपल्या पूर्वजांची ग्रंथभांडारे शास्त्रदानावर उभी राहिली. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान या चार दानांत शास्त्राचा समावेश करून आचार्यांनी अन्न आणि औषध यांच्या पंक्तीला ग्रंथ बसविला. कर्नाटकात दहाव्या शतकात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या १००० प्रती लिहवून घेऊन वाटल्या. छापखाना जन्माला येण्यापूर्वी एका स्त्रीने काढलेली ती हजार प्रतींची आवृत्तीच म्हणावी लागेल.

जुन्या पोथीच्या शेवटी प्रशस्ती असते. ती वाचणाऱ्याला ग्रंथालयाचा सारा कारभार उलगडतो. कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणत्या मंदिरात नकल झाली, लेखक कोण, कोणाच्या द्रव्याने झाली आणि कोणाला अर्पण केली, हे सर्व तेथे नोंदलेले असते. पुष्कळदा व्रताच्या उद्यापनानिमित्त एखाद्या बाईने पोथी लिहवून मुनींना, आर्यिकेला किंवा भट्टारकांना दिलेली आढळते. तिचे नाव दुसऱ्या कोणत्याही कागदावर उरलेले नसते, ते या चार ओळींत उरते. लेखक शेवटी वाचकाला विनवितो, की मान वाकवून, पाठ मोडून हे लिहिले आहे, तेव्हा तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून याचे रक्षण करा. या विनंतीचा अर्थ पुष्कळांनी एवढाच घेतला, की पोथी घट्ट बांधून ठेवावी. परंतु ज्याने पाठ मोडून लिहिले, त्याने ती कोणीतरी वाचावी म्हणूनच लिहिले, हे आपण सोयीस्करपणे विसरलो.

कुलूप का लागले?

पोथ्यांच्या कपाटांना कुलपे लावणाऱ्या पूर्वजांना आज दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. लुटालूट, आग आणि चोरी यांचे भय खरे होते. एखादी पोथी उसनी गेली की परत येत नाही, हा अनुभवही खरा होता. शिवाय शास्त्राचा अविनय होऊ नये, ही श्रद्धा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जैन शास्त्रे छापावीत की नाही, या प्रश्नावर समाजात कडाक्याचा वाद झाला. छापखान्यातील शाई, कामगारांचे हात, रद्दीत जाणारे कागद यांमुळे जिनवाणीचा अपमान होतो, असे मानणारा मोठा वर्ग होता.

त्याच काळात महाराष्ट्रात वाचनालयांचे दुसरे एक युग सुरू झाले होते. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय स्थापन झाले. आपल्या वऱ्हाडात अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाची परंपरा १८६० पर्यंत मागे जाते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उघडण्याची चळवळ चालविली. एकीकडे वर्तमानपत्रे आणि पुस्तके सर्वांसाठी टेबलावर मांडली जात होती आणि दुसरीकडे आपल्या मंदिरांत शतकानुशतकांचे ज्ञान वेष्टनात बांधून पडले होते. वर्षातून एकदा, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, पोथ्या बाहेर काढल्या जात, त्यांना ऊन दाखविले जात असे, पूजा होई आणि सायंकाळी पुन्हा कुलूप लागत असे.

श्रुतपंचमीचा मूळ अर्थ आठवला की या प्रथेतील विसंगती लक्षात येते. गिरनारच्या चंद्रगुफेत वृद्ध धरसेनाचार्यांना चिंता पडली, की आपल्याबरोबर आपले ज्ञान लुप्त होईल. म्हणून त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून ते शिकविले. त्या दोघांनी ‘षट्खंडागम’ ग्रंथबद्ध केला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला त्याची पूजा झाली. म्हणजे एकाच्या मनात असलेले ज्ञान दुसऱ्यांच्या हाती देण्याचा हा सण आहे.

कारंज्याचे कपाट उघडले

कारंज्याला नव्या शिक्षणाचे वारे १९१८ साली लागले. करमाळ्याचे पदवीधर ब्रह्मचारी देवचंदजी यांनी, म्हणजे पुढे मुनी समंतभद्र महाराज म्हणून जे सर्वपरिचित झाले त्यांनी, त्या वर्षी कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल स्थापन केले. शास्त्र केवळ पूजेसाठी नसून अभ्यासासाठी आहे, ही दृष्टी त्यामुळे गावात रुजली.

याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील हस्तलिखितांची यादी करण्याचे काम सरकारने कटनीचे विद्वान रायबहादूर हिरालाल यांच्याकडे सोपविले होते. नामसाधर्म्यामुळे गोंधळ होऊ नये म्हणून सांगतो, की दुसरे हिरालाल म्हणजे नरसिंहपूर जिल्ह्यात जन्मलेले प्राध्यापक हिरालाल जैन. ते १९२५ साली अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. या तरुण विद्वानाने कारंज्याच्या भांडारांतील पोथ्या तपासल्या. रायबहादूरांची बृहत्सूची १९२६ साली नागपूरहून प्रसिद्ध झाली. तीत कारंज्याच्या अपभ्रंश ग्रंथांची नावे आणि उतारे पाहून देशोदेशीचे भाषापंडित चकित झाले.

त्यांना आश्चर्य का वाटले, हे समजून घेतले पाहिजे. संस्कृत-प्राकृत आणि आजच्या मराठी, हिंदी, गुजराती या भाषा यांच्यामधला दुवा म्हणजे अपभ्रंश. तो असला पाहिजे हे पंडितांना ठाऊक होते. हेमचंद्राचार्यांच्या व्याकरणातील दोहे त्यांना माहीत होते. जर्मन पंडित हर्मान याकोबी यांनी धनपालाचे ‘भविसत्तकहा’ हे काव्य १९१८ साली प्रसिद्ध केले होते. परंतु या भाषेतील संपूर्ण ग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उपलब्ध होते. अशा वेळी वऱ्हाडातील एका कापसाच्या गावात, मंदिरातील कपाटात, अपभ्रंशाचे एकाहून एक सरस ग्रंथ निघाले. ते शेकडो वर्षे तेथेच होते. श्रुतपंचमीला त्यांना ऊन मिळत होते, गंध-अक्षता मिळत होत्या. वाचक तेवढा मिळत नव्हता.

कारंज्याच्या मंडळींनी कपाट उघडून पाहू दिले, ही त्यांची पहिली सेवा. दुसरी सेवा याहून मोठी आहे. त्यांनी पोथ्या छापण्यासाठी स्वतःचे द्रव्य दिले. अंबादास चवरे यांच्या नावाची दिगंबर जैन ग्रंथमाला कारंज्यातून निघू लागली. तिचा पहिला ग्रंथ, पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’, डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ हिरालालजींनी संपादित केलेले ‘सावयधम्मदोहा’ १९३२ साली, ‘पाहुडदोहा’ १९३३ साली आणि ‘करकंडचरिउ’ १९३४ साली आले. पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ हे १९३३ साली देवेंद्रकीर्ती ग्रंथमालेत कारंज्याच्याच बलात्कारगण प्रकाशन संस्थेने काढले. चार वर्षांत पाच ग्रंथ! विद्यापीठाच्या शहरालाही भूषणावह ठरावी अशी ही कामगिरी होती, आणि ती तालुक्याच्या एका गावातील व्यापारी श्रावकांनी पार पाडली.

योगायोग असा, की त्याच १९३१ साली मद्रासहून डॉ. रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातील पहिला नियम पुस्तके वापरासाठी असतात, हाच आहे. कारंज्याच्या श्रावकांनी तो नियम वाचला नसेल, पण आचरणात आणला.

त्या पोथ्यांनी काय दिले?

पुष्पदंत हा दहाव्या शतकातील कवी. ‘षट्खंडागम’ रचणाऱ्या पुष्पदंत आचार्यांहून तो वेगळा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या राजधानीत, मान्यखेटात, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडमध्ये, मंत्री भरत याच्या आश्रयाने त्याने ९५९ ते ९६५ या काळात ‘महापुराण’ रचले. भरताचा पुत्र नन्न याच्या आश्रयाने पुढची काव्ये झाली. हा कवी सावळा, कृश आणि निर्धन होता, असे त्याने स्वतःच सांगितले आहे आणि स्वतःला ‘अभिमानमेरू’ म्हणवून घेतले आहे. धनिकांच्या दारी मान तुकविण्यापेक्षा वनवास बरा, असे मानणाऱ्या या स्वाभिमानी कवीचा परिचय आपल्याला झाला, तो कोणीतरी पोथीची गाठ सोडली म्हणून. ‘महापुराणा’चे तीन खंड डॉ. वैद्य यांनी पुढे १९३७ ते १९४१ या काळात मुंबईच्या माणिकचंद्र ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले.

‘करकंडचरिउ’ हे मुनी कनकामर यांचे अकराव्या शतकातील काव्य. त्यात करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरातील लेण्यांत जातो आणि त्याला पार्श्वनाथांच्या प्रतिमेचे दर्शन घडते, असा प्रसंग आहे. हिरालालजींनी ही लेणी म्हणजे धाराशिवची लेणी होत, असे दाखवून दिले. महाराष्ट्रातील एका डोंगराचा इतिहास महाराष्ट्रातीलच दुसऱ्या गावच्या कपाटात बंद होता आणि दोघांची भेट १९३४ साली झाली.

मराठीच्या दृष्टीनेही या भांडारांचे ऋण मोठे आहे. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी पोथ्यांच्या प्रशस्ती आणि मूर्तिलेख तपासून ‘भट्टारक संप्रदाय’ हा आधारग्रंथ सिद्ध केला. तो १९५८ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने प्रसिद्ध केला. गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’ हे जुने मराठी गद्य त्यांनीच उजेडात आणले. डॉ. सुभाषचंद्र अक्कोळे यांनी प्राचीन मराठी जैन साहित्याचा सविस्तर इतिहास लिहिला. मराठी भाषेच्या घडणीत जैन श्रावक-मुनींचाही वाटा आहे, हे त्यामुळे सप्रमाण सिद्ध झाले.

मूडबिद्रीची पोथी आणि कारंज्याची नकल

कारंज्याच्या ग्रंथालयाचा आणखी एक उपकार सांगितल्यावाचून हा इतिहास पूर्ण होणार नाही. ‘षट्खंडागमा’वरील वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीत ताडपत्रांवर होती. यात्रेकरूंना तिचे केवळ दर्शन घडत असे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी मूडबिद्रीच्या यात्रेत ती जीर्ण ताडपत्रे पाहिली आणि नकल झाली नाही तर हा ठेवा नष्ट होईल, अशी चिंता त्यांना लागली. त्यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकलेचे काम सुरू झाले, पण ती नकलही मूडबिद्रीबाहेर जाऊ नये, असे बंधन होते. नकल करणाऱ्या गजपती शास्त्रींनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक नकल केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तेथून तिच्या नकला अमरावती, आरा, कारंजा अशा ठिकाणी गेल्या.

गुप्त नकल करणे योग्य की अयोग्य, यावर आजही दोन मते होतील. विश्वासाने दिलेले काम आणि कायमचे लोपण्याच्या वाटेवरचा ग्रंथ, यांच्यात निवड करणे सोपे नव्हते. पण पुढे काय झाले ते पाहावे. हिरालालजींनी अमरावतीहून १९३९ साली ‘षट्खंडागमा’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा मूळ ताडपत्रे त्यांच्यासमोर नव्हती. अमरावती, आरा, सहारनपूर आणि कारंज्याच्या ब्रह्मचर्याश्रमातील प्रत यांवरून पाठ ठरविण्यात आला. छापलेला खंड पाहिल्यावर मूडबिद्रीच्या मंडळींचा विश्वास बसला आणि नंतरच्या खंडांसाठी त्यांनी मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास मनःपूर्वक साहाय्य केले. सुमारे वीस वर्षांत १६ खंड पूर्ण झाले. ज्या ग्रंथाचे दर्शन हेच पुण्य समजले जाई, तो आज कोणत्याही गावच्या स्वाध्याय मंडळात वाचला जातो.

आपली पोथी

आता माझ्या चुकीकडे येतो. आपल्या मंदिरातील हस्तलिखितांचे छोटे कपाट माझ्या ताब्यात असताना एक विद्यार्थिनी आली. ती मराठीत संशोधन करीत होती. जुन्या पोथ्या पाहू द्या, येथेच बसून टिपणे घेईन, असे ती म्हणाली. मी नियमावर बोट ठेवले. समितीच्या सभेत विषय मांडावा लागेल, पुढच्या महिन्यात या, असे सांगितले. ती पुढच्या महिन्यात आली. त्या वेळी गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली होती. मी पुन्हा तेच उत्तर दिले. त्यानंतर ती आली नाही. नियमाचे पालन केले, या समाधानात मी होतो.

दोन पावसाळे गेले. श्रुतपंचमीला कपाट उघडले तेव्हा मागच्या भिंतीला ओल येऊन वाळवी लागली होती. सर्वांत खालच्या कप्प्यातील एका पोथीची माती झाली होती. वेष्टन उचलले आणि ती हातात भुगा होऊन पडली. वरच्या काही पोथ्यांना कसर लागली होती, आणि त्याला कारण मीच होतो. दरवर्षी वेष्टनासाठी मी माझ्या दुकानातून लाल, चकचकीत नवे कापड भक्तिभावाने देत असे. कोऱ्या कापडाच्या खळीवर कसर येते, हे ज्याने आयुष्यभर कापडाचा धंदा केला त्याला सांगावे लागू नये. दुकानातील तागे मी दर हंगामाला उलगडून, झटकून, घडी बदलून ठेवीत असे, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षे पडलेले कापड त्या घडीवरच विरते. पोथ्यांच्या बाबतीत मात्र ती साधी अक्कल मला सुचली नाही.

सर्वांत मोठे दुःख याहून वेगळे आहे. जी पोथी नष्ट झाली तिचे नाव काय होते, हे आपल्यापैकी कोणालाही सांगता येत नाही. आपण यादीच केलेली नव्हती. ती मराठी होती की संस्कृत, पूजेची होती की कथेची, कोणत्या श्राविकेने कोणत्या व्रतासाठी दिली होती, सर्व गेले. कारंज्याच्या पोथ्यांची नावे आणि उतारे १९२६ च्या सूचीत आहेत. एखादी पोथी उद्या नाहीशी झाली तरी ती होती, याला साक्षीदार राहील. आपल्या पोथीला साक्षीदार मिळू शकला असता. ती मुलगी दोन वेळा दाराशी येऊन परत गेली.

सुवर्णमहोत्सवी वर्षात काय करावे?

कारंज्याच्या इतिहासावरून मला ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ असा समजला, की ग्रंथालयाचे सार्वजनिकपण फलकावर किंवा नोंदणीपत्रावर अवलंबून नसते. अपरिचित माणूस दाराशी आला असता किल्ली कोणाच्या हाती आहे आणि तो हात काय करतो, यावर ते अवलंबून असते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यामुळे वर्गवारी, अनुदान आणि तपासणी यांची शिस्त आली. पण कोणताही कायदा विश्वस्ताचे मन उघडू शकत नाही. ते काम आपले आपणच करावयाचे आहे.

काळही आज अनुकूल आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झाले आणि २०२५ साली ज्ञानभारतम् या नावाने हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाची नवी योजना शासनाने जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपल्या घरची भाषा आणि आपल्या आगमांची भाषा यांचा एकत्र सन्मान झाला. त्याचा आनंद मिरवणुकीने साजरा झाला तर बरेच आहे, पण कपाट उघडून साजरा झाला तर अधिक बरे.

विश्वस्त मंडळापुढे माझ्या काही नम्र सूचना आहेत. पहिली, उरलेल्या प्रत्येक पोथीची यादी याच वर्षी करावी. तीत नाव, भाषा, पानांची संख्या, आरंभ, शेवट आणि प्रशस्ती यांची नोंद घ्यावी व यादीच्या प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. दुसरी, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे मूळ पोथी वारंवार हाताळावी लागणार नाही आणि अभ्यासकाला रिक्त हस्ते परतावे लागणार नाही. तिसरी, वेष्टनासाठी रंग न जाणारा साधा सुती मांजरपाट वापरावा आणि तो आधी दोनदा धुऊन खळ काढून टाकावी. हे कापड धुऊन, वाळवून, मापाप्रमाणे कापून देण्याची जबाबदारी माझी. चौथी, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच ठेवावे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, वाचनालयाची वेळ निश्चित असावी आणि त्या वेळेत येणाऱ्याला जात, पंथ किंवा ओळखपाळख न विचारता बसावयास जागा व मागेल ते पुस्तक मिळावे. पोथी पाहण्यासाठी समितीच्या सभेची वाट पाहावी लागू नये. दोन विश्वस्तांपैकी एकाने समोर बसावे, एवढे पुरे.

छापील पुस्तकांकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. १९३० ते १९५० च्या दरम्यान छापलेल्या ग्रंथांचा कागद हातकागदापेक्षा कितीतरी लवकर पिवळा पडून मोडतो. तीनशे वर्षांची पोथी टिकते आणि ऐंशी वर्षांचे पुस्तक तुकडे होते, हे आपण आपल्याच कपाटात पाहतो. ज्यांनी कारंज्यात पदरमोड करून हे ग्रंथ छापले, त्यांच्या श्रमाचे रक्षण करणे हेही शास्त्रदानच होय.

त्या विद्यार्थिनीचे नाव मी त्या वेळी विचारून घेतले नाही, याची मला आज खंत वाटते. ती आता कोठेतरी प्राध्यापिका असेल, कदाचित निवृत्तही झाली असेल. ही स्मरणिका तिच्या हाती जाण्याचा संभव फार थोडा. तरीही लिहून ठेवतो. येत्या श्रुतपंचमीला सकाळी आपले कपाट उघडेल. त्या दिवशी सायंकाळी त्याला कुलूप लावण्यापूर्वी कोणीतरी बसून निदान एका पोथीचे पहिले पान वाचावे आणि तिचे नाव वहीत उतरवून घ्यावे, अशी सर्व समाजबांधवांना व भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे.

जय जिनेंद्र.